पुंडलिकभाऊंच्या बाजूची खुर्ची

जनावराचा सिनेमा असला की पुंडलिकभाऊ आधी एकटे जाऊन तो पाहून येत आणि मगच आम्हा पोरांना दाखवत. शुक्रवारी नवीन खेळ लागला की गिरणीतली सकाळची पाळी संपवून, केसांत कापसाचे तंतू तसेच घेऊन, ते सायकलवर बर्डीच्या टॉकीजला जात. शनिवारी संध्याकाळी आमच्या ओट्यावर बसून त्याची हकिकत सांगत. आमच्या लाईनीतली झाडून सगळी पोरं तिथं जमलेली असत. सिनेमात काम कोणाचं आहे, गाणी कशी आहेत, हे कोणी विचारत नसे. आमचा प्रश्न एकच असे.

"भाऊ, मरते काय जी?"

भाऊ सुपारी कातरत कातरत, अजिबात घाई न करता सांगत, "मरते. पण मधात मरते, शेवटी नाही. शेवट चांगला आहे. ज्याले रडू येते त्यानं माझ्या बाजूले बसाचं. ज्याले सू लागते त्यानं कडेले बसाचं. ज्याले दोन्ही होते त्यानं घरी राह्याचं." दोन्ही होणारी पोरं आमच्यात भरपूर होती. पण त्यापायी कोणी घरी राहिल्याचं मला तरी आठवत नाही.

आम्ही तेव्हा सक्करदऱ्याच्या पुढे, उमरेड रोडच्या कडेला राहत होतो. कौलारू खोल्यांची एक लांब ओळ, समोर सामाईक नळ, आणि शेजारी पुंडलिकभाऊ. उंच, काळेसावळे, आणि आवाज असा की ते नळावर कोणाशी हळू बोलले तरी कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला बातमी कळायची. कापडगिरणीत मागांच्या खडखडाटात उभं राहून राहून त्यांचे कान अर्धे गेले होते. आपल्याला कमी ऐकू येतं म्हणजे सगळ्या जगालाच कमी ऐकू येत असणार, अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती.

त्यांच्या सिनेमाच्या आवडीचं मूळही या कानांतच होतं. एकदा मी विचारलं, "भाऊ, तुम्ही जनावराचेच पिक्चर काहून पाहता?" तर म्हणाले, "कुंदे, माणसाच्या पिक्चरमध्ये भल्ले बोलतात वं. मले अर्धं ऐकू येत नाही. अन् जे ऐकू येते ते खोटं असते. घोडं खोटं बोलते काय कधी?" इंग्रजी सिनेमाचीही त्यांना धास्ती नव्हती. राजू नावाचा आमच्यातला एक शहाणा पोरगा म्हणाला, "भाऊ, आपल्याले इंग्रजी कुठं समजते?" त्यावर भाऊंनी त्याच्या डोक्यावर टपली मारली. "घोड्याले इंग्रजी येते काय बे? मंग तुले काहून पायजे?"

टॉकीजमध्ये ते स्वतःच सगळं समजावून सांगत. म्हणजे त्यांच्या हिशेबाने हळू, पण बाल्कनीपर्यंत जाईल असं. पडद्यावर अस्वल नदीत उतरलं की भाऊ त्याच्या वतीने बोलत, "थांब गा, मासोळी पकडू दे, मंग भांडू." एकदा पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी मागे वळून चांगलंच झापलं. भाऊ बिचारे ओशाळून गप्प बसले. मध्यंतरानंतर त्याच बाईंचा मुलगा खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळला आणि म्हणाला, "काका, आता अस्वल काय म्हणते?" मग भाऊंना कोण थांबवणार!

आमच्या लाईनीतल्या मोठ्यांना या गोष्टीचं हसू यायचं. त्या काळी बापाने लेकरू कडेवर घेतलं तरी लोक वळून पाहत. हा माणूस रविवारी दुपारी रिक्षांमध्ये पोरं कोंबून, स्वतः सायकलवर मागेमागे ओरडत जायचा, "पाय आत घे बे!" माझी आई म्हणायची, "या माणसाले घरी काही काम नाही काय?" पण हे म्हणता म्हणता ती माझी वेणी घालून देत असे आणि शेंगांची पुडी हातात देत असे, तेव्हा तिच्या बोलण्यात फारसा दम नसायचा.

आधी पाहून येण्याची रीत मुळात पोरांसाठी सुरू झालीच नव्हती. ती कौसल्यावहिनींसाठी होती. वहिनी म्हणजे भाऊंची बायको, माहेर उमरेडचं. लग्नानंतर पहिल्यांदाच भाऊंनी त्यांना कुत्र्याचा कुठलासा सिनेमा दाखवला, त्यात कुत्रं मेलं, आणि वहिनी इतक्या रडल्या की घरी येऊन तापाने पडल्या. तेव्हापासून भाऊ आधी पाहून येऊ लागले. "पोट्ट्यांचं नुसतं नाव आहे वं," ते माझ्या आईला सांगत, "खरं तर हिलेच आधी सांगा लागते." त्यामुळे टॉकीजमध्ये भाऊंच्या उजव्या बाजूची खुर्ची वहिनींची, हे ठरलेलं. मुरमुऱ्यांच्या चिवड्याचा डबा मांडीवर, पदराचं टोक आधीच मुठीत, अशी जय्यत तयारी करून त्या बसत. डावी बाजू आम्हा रडणाऱ्यांना. मी सगळ्यांत मोठी असल्यामुळे फिरकीच्या तांब्यावर माझी नेमणूक होती. ज्याचं रडणं जास्त होईल त्याला पाणी पाजायचं.

मग एका वर्षी पावसाळ्याच्या तोंडी, आखाडीच्या आधी वहिनींना कावीळ झाली आणि पाहता पाहता त्या गेल्या. त्यांची शालू तेव्हा पाच वर्षांची होती. आजारपणात तिला आत्याकडे ठेवलं होतं. ती परत आली तेव्हा घरात माय नव्हती. भाऊंच्या आईने तिला सांगितलं, "माय उमरेडले गेली, मामाच्या घरी. येईन." बस, तेच सगळ्यांनी धरलं. नळावरच्या बाया, किराणावाला, माझी आई, सगळे तिला तेच सांगत. आम्हा पोरांना तर दम देऊन ठेवला होता. भाऊ स्वतः मात्र तसं कधी म्हणाले नाहीत. पण नाहीही म्हणाले नाहीत.

आमच्या रस्त्यावरूनच उमरेडची लाल गाडी येई. संध्याकाळी ती वळणावर दिसली की शालू खेळ टाकून रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राही. गाडी थांबली की उतरणारी बायामाणसं नीट पाही, आणि गाडी धूळ उडवत पुढे गेली की परत येई. रडत नसे, काही विचारत नसे. गिरणीतून आलेले भाऊ दारात उभे राहून हे पाहत. सकाळी तेच तिच्या वेण्या घालत. एक कानावर, एक मानेवर. नळावरच्या बाया हसत, पण दुसरी कोणी वेणी घालू म्हटली तर भाऊ देत नसत. "शिकून राहिलो मी," म्हणत.

सिनेमे अर्थातच बंद पडले. आम्ही विषय काढत नव्हतो. मग थंडीत एक दिवस राजू बर्डीवरून बातमी घेऊन आला की इंग्रजी पिक्चर लागला आहे, पोस्टरवर पांढरी घोडी आहे आणि तिचं एवढंसं शिंगरू. शालूने ते ऐकलं आणि बापाच्या मागे लागली. भाऊ टाळत होते. पण शुक्रवारी पाळी सुटल्यावर त्यांची सायकल घराकडे न येता बर्डीकडे गेली, आणि शनिवारी ते सवयीप्रमाणे आमच्या ओट्यावर येऊन बसले. शालू मांडीवर होती.

"भाऊ, मरते काय जी?"

भाऊ सुपारी कातरत राहिले. बराच वेळ कातरत राहिले. मग मान वर न करता म्हणाले, "नाही मरत. घोडी बर्फात हरपते. मंग येते परत."

"येते ना, बाबा?" शालूने मान वर करून विचारलं.

"येते."

त्या दिवशी कोणी बाजूला बसायचं, कोणी कडेला, हे भाऊंनी सांगितलं नाही. आम्हालाही त्याचं काही वाटलं नाही. घोडी मरतच नाही म्हटल्यावर रडायचं कशाला?

रविवारी आम्ही अगदी निवांत बसलो होतो. भाऊंच्या उजव्या बाजूच्या खुर्चीवर त्यांची पिशवी ठेवलेली, डाव्या मांडीवर शालू. पडद्यावर एक टोपीवाला म्हातारा, त्याची घोडी आणि शिंगरू. मग बर्फाचं वादळ आलं, घोडी कुठं गेली कळेना, शिंगरू ओरडत फिरू लागलं. एरवी अशा वेळी आमची रांग मुसमुसत असायची. त्या दिवशी आम्ही बोरं खात होतो. आम्हाला ठाऊक होतं ना! राजू तर शेजारच्या अनोळखी लोकांनाही सांगत होता, "येते जी, येते परत." फक्त भाऊंचा आवाज बंद होता. वादळ सुरू झाल्यापासून ते एक अक्षर बोलले नव्हते.

सकाळ झाली. म्हाताऱ्याला घोडी सापडली. ती बर्फात आडवी पडली होती. आम्ही ती उठायची वाट पाहू लागलो. म्हातारा तिच्यापाशी बसला, तिच्या मानेवरून हात फिरवला आणि त्याने डोक्यावरची टोपी काढली. शिंगरू येऊन तिला तोंडाने ढोसू लागलं. "आता उठते पाह्य," राजू म्हणाला. ती उठली नाही. म्हातारा शिंगराला दोरी लावून घेऊन निघाला, शिंगरू मागे पाहत राहिलं, आणि घोडी तिथंच राहिली.

तेवढ्यात सगळ्या टॉकीजला ऐकू जाईल अशा आवाजात शालू म्हणाली, "बाबा, घोडी उठली नाही."

भाऊंनी तिला उचललं आणि ते बाहेर निघाले. जाताना मला खूण केली. मी तांब्या घेऊन मागे धावले. बाहेर लख्ख ऊन होतं. भाऊ टॉकीजच्या पायऱ्यांवर आले, शालूला वरच्या पायरीवर बसवलं आणि स्वतः खालच्या पायरीवर बसले, म्हणजे दोघांची तोंडं समोरासमोर आली. शेंगावाला कढईत शेंगा परतत होता. मी खांबाला टेकून उभी राहिले.

"तुमी पाह्यलं होतं ना, बाबा?"

"नाही पाह्यलं, बेटा. घोडी बर्फात गेली अन् मी उठून बाह्यर आलो. पुढचं मी पाह्यलंच नाही. मनानंच सांगतलं."

शालू मुळातच सावकाश बोलणारी पोर. मग म्हणाली, "मंग माय येते म्हणतात, ते पण मनानंच सांगतलं काय?"

देवाशपथ सांगते, मी मनातल्या मनात भाऊंना म्हणत होते, येते म्हणा हो, एकदा येते म्हणा. एवढ्याशा शब्दाने सगळं निभावलं असतं. संध्याकाळी लाल गाडी आली असती आणि ही पोरगी पुन्हा रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली असती. उद्याही, परवाही.

"तुही माय मेली, बेटा," भाऊ म्हणाले. त्यांना हळू बोलता येतच नव्हतं. शेंगावाल्याचा हात थांबला, पानठेल्यावरची माणसं वळली. "आखाडीच्या आधी मेली. दवाखान्यात. मी होतो तिच्यापाशी. उमरेडले नाही गेली ती. आता येत नाही."

शालू रडली. भाऊंनी तिला गप्प केलं नाही. रडू नको असं एकदाही म्हटलं नाही. तेही रडले, तितक्याच मोठ्या आवाजात, भर रस्त्यावर, आणि कोण पाहतंय याची त्यांनी अजिबात पर्वा केली नाही. बाप्या माणूस असा रडतो हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मला भीती वाटायला हवी होती, पण उलट बरं वाटलं. सहा महिने आमच्या लाईनीत सगळे जण तोंड आवळून वावरत होते, ते एकदाचं सुटलं. मी दोघांनाही पाणी पाजलं. माझं कामच होतं ते.

मग शालूने बापाच्या सदऱ्याला नाक पुसलं आणि विचारलं, "शिंगरू तर लहान आहे. त्याले आता कोण पाह्यन?"

"तो बुढा आहे ना, टोपीवाला."

"त्याले येते काय?"

"नाही येत," भाऊ म्हणाले. त्यांनी तिची मानेवर सुटलेली वेणी हातात घेतली आणि ती बांधू लागले. "शिकून राहिला तो."

शालूने वेणी बांधू दिली. मग विचारलं, "पिक्चर सरलं काय?"

"नाही. घोडी मधात मेली. पिक्चर अजून आहे."

"मंग चला."

आम्ही परत आत गेलो. शालूने उजव्या बाजूच्या खुर्चीवरची पिशवी उचलून बापाच्या मांडीवर ठेवली आणि त्या खुर्चीवर स्वतः बसली. तिचे पाय खाली पोचत नव्हते. भाऊ आमच्या रांगेकडे वळून म्हणाले, "पोट्टेहो, आता पुढं काय होते मले माईत नाही. सगळे मिळून पाहू." त्या शिंगराचं पुढे काय झालं ते मला आज नीटसं सांगता येणार नाही. ते मोठं झालं आणि बर्फातून धावलं एवढं आठवतं, आणि ते धावताना भाऊ त्याच्या वतीने जे ओरडले ते आठवतं. "सरका गा, मी येऊन राहिलो!"

घरी मात्र गदारोळ झाला. भाऊंच्या आईने कपाळ बडवून घेतलं. माझी आईसुद्धा म्हणाली, "भाऊ, एवढ्याशा पोरीले असं सांगतात काय?" भाऊ म्हणाले, "वहिनी, ते पोरगी रोज गाडी पाहून राहिली होती. अन् मी तिले पाहून राहिलो होतो. सांगा, किती दिवस पाह्यलं असतं?" दुसऱ्या दिवशी उमरेडची गाडी आली तेव्हा शालू आमच्यासोबत लंगडी खेळत होती. गाडीकडे तिने पाहिलं, नाही असं नाही. पण आपला डाव सोडला नाही.

त्यानंतर भाऊ आम्हाला वर्षानुवर्षं सिनेमाला नेत राहिले. शनिवारची हकिकत पुन्हा सुरू झाली, पण आता शेवटचं चित्र जाऊन टॉकीजचे दिवे लागेपर्यंत ते जागचे हलत नसत. "शेवटपावतर पाह्यल्याबिगर काई सांगाचं नाही," असं स्वतःलाच बजावत. शालू शिकली, मास्तरीण झाली, आणि गंमत म्हणजे लग्न होऊन गेली ती उमरेडलाच. मी लग्नानंतर शहरातच धंतोलीत आले. आमच्याकडे टीव्ही आला तेव्हा भाऊ म्हातारे झाले होते. रविवारी जनावरांचा काही कार्यक्रम असला की सायकल दामटत येत आणि माझ्या निखिलशेजारी वेताच्या खुर्चीवर बसत. कान आता पुरतेच गेले होते. त्यामुळे ते विचारत, "वाघ काय म्हणते बे?" आणि माझा पोरगा त्यांच्या कानाशी ओरडून वाघाचं म्हणणं सांगे. टीव्हीत त्यांना एकच खोट दिसे. "याचं आधी पाहून येता येत नाही वं." म्हणून निखिलने "आजोबा, मरते का?" विचारलं की ते म्हणत, "माईत नाही, बापू. मधात मरते का शेवटी, दोघं मिळून पाहू."

शेवटी शेवटी सायकल जमेना, तेव्हा शालू त्यांना आपल्याकडे घेऊन गेली. दोनेक महिने ते तिथं होते. एका रविवारी सकाळी शालूच्या नवऱ्याचा निरोप आला. मी तशीच निघाले, त्याच लाल गाडीने. शालू मला धरून रडली, मोठ्याने, बापासारखीच. मग म्हणाली, "कुंदाताई, मी होती त्याइच्यापाशी."

संध्याकाळी मी घरी परतले तेव्हा निखिलने टीव्ही लावायची तयारी केली होती आणि भाऊंची वेताची खुर्ची, हे दोन महिने दर रविवारी ठेवायचा तशी, आपल्या शेजारी ओढून ठेवली होती. सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात बोलावून हळूच सांगितलं, "पोराला आत्ता काही बोलू नकोस. उमरेडला आहेत म्हण. तिकडेच तर गेले होते ना?" सासूबाई प्रेमानेच म्हणत होत्या. आणि ते किती सोपं होतं! खोटं बोलावंही लागलं नसतं.

मी बाहेर येऊन निखिलसमोर जमिनीवर बसले, म्हणजे आमची तोंडं समोरासमोर आली. "निखिल, भाऊआजोबा मेले रे. आज सकाळी."

त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून त्याने विचारलं, "मधात का शेवटी?"

"त्यांचं शेवटी," मी म्हटलं. "आपलं मधात."

त्याला ते कळलं की नाही, देव जाणे. "ये," मी त्याला म्हटलं, "माझ्या बाजूला बैस. मला रडू येणार आहे." तो उठला आणि स्वयंपाकघरातून पाण्याचा तांब्या भरून घेऊन आला.